रसवंतीच्या चरकातून

चोपड्यात शेहेचाळीस अंश होते त्या दुपारी
आणि माझ्या पिशवीत बर्फ होता.
रद्दीत सापडलेलं पान : उत्तरेकडचं कुठलंसं गाव,
गोठलेल्या तळ्यावर घसरणारी माणसं,
काळ्या बारीक रेघांनी कोरलेली थंडी.
सातवी 'ब'ला दाखवलं तर एकजण म्हणाला,
सर, गोळेवाल्याचा माल सांडला.

मग लोटन कासाराला दाखवलं.
भांड्यांवर नावं घालण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस;
तालुक्यातल्या अर्ध्या सासुरवाशिणींचं माहेर
त्याच्या छिन्नीखालून गेलेलं.
त्यानं डोळ्याला भिंग लावलं
आणि चित्र बघितलंच नाही, रेघ बघितली.
कुठे हात दाबलाय, कुठे उचललाय,
कुठे तांब्यानं ऐकलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"हाऊ सोनारना पोऱ्या व्हई."

मी सांगत बसलो, जे मला परीक्षेपुरतं येत होतं :
प्रबोधन, इटली, मग आल्प्सचे घाट,
खेचरांच्या पाठीवर कापडाच्या गाठींत दडून
चिंध्यांच्या कागदावर उतरलेली चित्रं,
अँटवर्पच्या बाजारात मिठाशेजारी मांडलेली;
आणि देव रंगवता रंगवता
कुणीतरी खिडकीतली माशी काढली,
तिचे पंखही तितक्याच भक्तीनं.

लोटनला घाटाचं काही वाटलं नाही.
"सातपुडापल्याड मना हंडा बी जातस," म्हणाला.
मग गप्प.
मग : म्हणजे त्याला अक्षरं उलटी घालावी लागली असणार.
मी सुलटी घालतो.
म्हणून माझं काम हंड्यावरच राहतं.

हे वाक्य मी घरी नेलं.
भाकरी मोडताना ते मधेच दाताखाली यायचं.

आठ दिवसांनी त्यानं पितळेची पाटी आणली, वहीएवढी.
काजळ आणि जवसाचं तेल खलात घोटलं
(तिकडेही जवसच, मी म्हणालो. त्यानं ऐकलं नाही),
रेघांत भरलं, तळव्यानं पुसलं.
माझा ड्रॉइंगचा कागद ओला केला,
वर घोंगडीचा तुकडा.
आता दाब कुठून आणायचा?
बसस्टँडसमोर सुपडूची रसवंती.
सुपडूची अट : चरक धुऊन द्यायचा,
घुंगरं काढायची नाहीत.

तर अशी, घुंगरं वाजत,
रसाऐवजी एक बकरी बाहेर आली.
सुपडूचीच. चिपाडं चघळणारी,
कान फाटका, गुडघ्यावर सुकलेलं शेण,
आणि डोळ्यात, भिंग लावलं तर,
रसवंतीची कनात, तिच्या ठिगळासकट.
कोपऱ्यात लोटनचं नाव.
त्यातला 'ट' तेवढा उलटा उमटलेला;
चाळीस वर्षांची सवय, हात एकदा विसरला.

सात कागद निघाले.
एक चहावाल्यानं भिंतीला लावला.
एक कंडक्टरनं नेला, डोंगराकडच्या शेवटच्या गाडीनं.
दोन कुठे गेले ठाऊक नाही,
मला त्या दोघांचंच जास्त कौतुक आहे.

सुपडूनं मात्र घेतला नाही.
कागद धरला, बकरीकडे बघितलं, पुन्हा कागद.
"हाई मनी नही.
मनी बकरीना उजवा कान फाटेल शे."

लोटन पाटी पुसत होता.
वर न बघताच म्हणाला,
"हाई तथाईन येल शे."