सांगे काही सांगत नाही

केप्याहून सुटलेली बस शेवटच्या वळणाशी येते
आणि तेवढ्यात वास येतो.
खिडकीतला नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो,
बाकीचे नुसत्या पिशव्या आवरतात.
एप्रिल लागला की सांग्यात
पत्ता विचारावा लागत नाही.

बदली होऊन आलो तेव्हा माझ्याकडे काचेची एक नळी होती,
खात्याची, नंबर कोरलेली.
दारूत सोडायची, तरंगेल तिथला आकडा वहीत लिहायचा.
मी वेंगुर्ल्याचा, आमच्याकडे सोलकढीनेही डोळे जड होतात.
तीन हंगाम या गावाची धुंदी
मी ओठ न लावता मोजली.

फोंडू वेळीपला नळी लागत नसे.
बोंडं तुडवून तुडवून त्याच्या टाचा पिवळ्या,
त्या त्याच्या बायकोनेही कधी गोऱ्या पाहिल्या नसतील.
भट्टीपाशी उकिडवा बसून तो करवंटीत उंचावरून धार धरी,
फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघे
आणि म्हणे, "अठरा ग्राव. लिही."
मी नळी सोडायचो. अठरा.
एकदाच साडेसतरा आले.
तो म्हणाला, "नळी धुऊन आण."

आता पणजीहून गाड्या येतात.
खाली उतरून, कंबर सरळ करत विचारतात,
इथे बघण्यासारखं काय?
पोस्टासमोरचा न्हावी दुपारी
स्वतःच्याच खुर्चीत झोपतो, हे?
की पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून
आधी कुत्री उठतात, मग माणसं?
नदीच्या पुलावर दोन म्हातारे
रोज त्याच एका जमिनीवरून भांडतात,
जी धरणाच्या पाण्याखाली जाऊन
त्यांच्या नातवांचीही लग्नं झाली?
मी म्हणायचो, "पुढे जा, धरण आहे."
धरण बघून ते परत जात.
नाव सांगे, पण गाव काही सांगत नाही.

आनास्तासिया फुर्तादोच्या खानावळीत तीन बाकं,
एक लंगडं टेबल, बांगड्याचा तळणीवास,
आणि आतल्या खोलीत, पलंगाखाली,
वेताने विणलेला एक गराफांव.
मुलगा जन्मला त्या हंगामातला. तोंड मेणाने बंद.
त्याच्या रेसेपसांवला फोडायचा.
मुलगा आता इंग्लंडात, गोदामात रात्रपाळी करतो.
लग्न झालं तिथेच, कचेरीत सही करून.
फोटो आला. त्यात पाऊस होता.

एका संध्याकाळी तिने मला आत बोलावलं.
मेण तिनेच खरवडलं, सुरीने, सावकाश,
माशाचे खवले काढावेत तसं.
दारू चार बोटं खाली गेली होती.
"कोणी प्यालं?"
"वाऱ्याने," ती म्हणाली. "तेहतीस वर्षं पितोय चोर."
मग माझ्या खिशाकडे बघून, "मोज."

मी नळी सोडली.
ती डुलली, खाली गेली, आणखी खाली गेली,
मग वर येऊन थांबली. मी खूप वेळ वाकून बघत राहिलो.
जोर बराच उतरला होता.
आकडा मला आजही आठवतो.
"अठरा," मी म्हणालो.
"घातली तेव्हा अठराच होती," ती म्हणाली
आणि पदराने नळी पुसून दिली,
काळजीने, चष्मा पुसावा तशी.

वहीत मी काही लिहिलं नाही.
खाली फोंडू बसला होता. त्याने वासावरूनच
काय ते ओळखलं असणार.
माझ्याकडे पाहिलं, बाकावर जरा सरकून
जागा करून दिली,
आणि बांगडा मागवला. दोन.