नमुन्याचा हात

केप्याच्या बाजारात आमचं केशकर्तनालय होतं,
एक खुर्ची, दीड आरसा.
सिनेमावाले आले तेव्हा त्यांच्या रंगभूषाकाराला
हाताखाली माणूस हवा होता
आणि बाबांना दिवसाचे बारा रुपये.

नायिका गोरी. तिला कुणबीण व्हायचं होतं.
तीन डब्यांतल्या तीन तपकिरी घेऊन
बाबा बशीत कालवत बसले. जमेना.
एकदा वीट झाली, एकदा काकवी.
मग रंगभूषाकार म्हणाला, एक खरी आणा.

शेवती मिरच्या घेऊन बसली होती.
तिला खुर्चीवर बसवलं,
जिथे बाईमाणूस कधी बसलं नव्हतं.
वर करायला बाही नव्हतीच.
दंडावर बोट ओढून पाहिलं,
बशीत पाहिलं, पुन्हा दंडावर.
जमलं.
एवढं सांगून बाबा नेहमी
वस्तऱ्याला धार लावायला घेत.

तिचं कापडही नेलं, लाल चौकडीचं,
खांद्यावर गाठ मारायचं. दोन दिवसांच्या बोलीवर.
शिंप्याने ते गुडघ्याच्या वर कापलं.

नदीकाठच्या नाचात मागे बायका हव्या होत्या.
शेवती जावेचं कापड नेसून उभी राहिली.
कॅमेऱ्यामागून आवाज आला,
ती कडेची काढा, फार काळी येते.

इनास मेस्तांचं वेगळंच.
इगर्जीत पोरांना व्हायोलिन शिकवायचे,
पोटाच्या दुखण्यापायी दारूचा वासही चालत नसे.
त्यांच्या हाती बाटली दिली, आत कोरा चहा.
पडा म्हणाले. तीनदा पडले,
कारण पहिल्या दोन वेळा ते टोपी सांभाळून पडले होते.
पुढे आख्खं केपे त्यांना बेबदो म्हणे,
फेस्ताच्या दिवशीसुद्धा,
खांद्यावर व्हायोलिन असताना.

मडगावला सिनेमा लागला.
शेवती आणि वाड्यावरच्या चौघी बसने गेल्या.
पडद्यावर त्यांच्या नदीचं नाव भलतंच होतं,
नायिका ‘हम जाता है’ म्हणत होती,
आणि मुंबईच्या पोरासाठी शेवटी
तिने त्याच नदीत उडी घेतली.
थिएटर रडलं.
शेवतीने शेजारणीला विचारलं,
तिका पोंवूंक येना?

मग तिला बाहेर काढतात. नायकाच्या मांडीवर डोकं,
वर सनई की व्हायोलिन, काहीतरी,
आणि तिच्या पोटरीवरून
बाबांचा रंग ओघळतोय.
दोन सेकंद. मुंबईत कुणाला दिसला नसावा.
‘पळय गे, म्हजो हात व्हांवता!’
पाचही जणी इतक्या हसल्या
की बॅटरीवाल्याने त्यांना बाहेर घालवलं.
बसला वेळ होता.
त्यांनी भजी खाल्ली.

अजून दुपारी कधी टीव्हीवर लागतो.
रंग उडालेत, नायिका गुलाबी, नदी गुलाबी.
गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणतं,
आवाज वाढव, गाणी छान आहेत.
आहेतच.

मी नाच येईपर्यंत वस्तरा थांबवतो.
बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातलेत.
कडेच्या बाईला कुणी
सरकायला सांगितलं नसणार,
तिचा हात तसाच बाजूला,
एका बाईएवढ्या मोकळ्या जागेभोवती,
तालावर हलतोय.