बाकी १८ रु.

बाबाजान भंगारवाल्यानं पत्रा तोलला.
अकरा किलो, गंज धरून.
मी म्हटलं, गंजाचं वजन कापा की मामा.
म्हणाला, गंजच तर पायजे तुला, मला ठावं हाय.

पद्मराज सायकल मार्ट. खडेबाजारचा कोपरा.
रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान आत सरकलं,
मग आणखी आत,
मग नव्हतंच.

वडगावात मागाच्या बंद शेडमध्ये,
जिथं जमिनीत पाय सोडायचे खड्डे अजून तसेच आहेत,
मी पत्रा आडवा टाकते
आणि ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर भिजवून
गोल गोल फिरवते.

आधी निघतो स्टिकर, मोबाईल रिचार्जचा.
त्याखाली कानडी, ठळक, तिच्या पायाशी बारीक मराठी.
त्याखाली डांबर.
रात्री कुणी घाईत फासलेलं,
एक ओघळ थेट खालच्या कडेपर्यंत.
तो ओघळ मी ठेवला.
त्याखाली मराठी, एकटीच.
त्याखाली परत कानडी, फिकट,
दुधाच्या पातेल्याला बुडाशी खरवड धरते तशी.

सगळं एकाच हातचं.
डांबराचं काय ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

बाबा म्हणायचे, कानडी अक्षर मनगटातून येतं,
ठिपक्याभोवती रांगोळी वळावी तसं वळायचं, ब्रश उचलायचा नाही.
मराठीला वरची रेघ.
ती श्वास धरून मारायची.
मधे खोकला आला की दुकान वाकडं.
कालच लिहिलेलं आज पुसायला सांगितलं तर
इरली बिडु, म्हणायचे, राहू दे गं,
लिहायची मजुरी आणि पुसायचीही.
हसायचे.
त्या रात्री जेवायचे नाहीत.

पत्र्याभोवती मी चिकटवते
सुताची तुटकी टोकं, साड्यांची नमुना-पट्टी,
आईचं रेशनकार्ड, ज्यावर तिचं नाव दोनदा, दोन तऱ्हांनी चुकलंय.
चिकटवायला खळच, साडीला देतात ती.
तिला कसर लागते.
लागू दे.

धारवाडहून एक बाई आल्या होत्या.
वार्निशचा एक हात मारा, म्हणाल्या,
पन्नास वर्षं हलणार नाही.
मी त्यांना चहा दिला, सोबत बिस्किटं.
वार्निशचं बोलणं तिथंच राहिलं.

आणि काल, प्राइमरच्याही खाली,
नागड्या पत्र्यावर खिळ्यानं हलकं ओरखडलेलं:
पद्मराज. बाकी १८ रु.

माझा हात पाण्यातच थांबला.
आणखी दोन फेरे मारले असते
तर फिटलं असतं.

आता पत्रा मागच्या दारी, शेवग्याला टेकून.
गंज उजवीकडून येतोय.
आधी 'रु.' जाईल.
दिवाळीपर्यंत आठ.
मग बाकी नुसती १.
एक काय, ते विचारू नका,
ते तोवर गेलेलं असेल.