रक्त आधी, गोळ्या नंतर

आधी रक्त द्यायचं, मग गोळ्या.
आंगेर नर्सनं हे मला तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा कागदावर लिहून, फ्रीजवर लावायला.
फ्रीजवर आधीच बोटीचं वेळापत्रक होतं
आणि नातवानं काढलेला पाच पायांचा मेंढा.
कागद मेंढ्यामागे गेला.

बत्तीस वर्षं क्लाक्सविकच्या कारखान्यात मी कॉड कापते.
जन्मभर समुद्र खाल्ला,
तरी गळ्यातली एवढीशी ग्रंथी
न कळवता संपावर गेली.
भुवया विरळ झाल्या. आवाज जाडा झाला.
जूनमध्ये, रात्री अकराला लख्ख उजेड असताना,
मी लोकरीचे दोन-दोन मोजे घालून झोपायचे.

एक गोळी मिळाली. आकडे सुधारले, मी नाही.
पहिली आपली संथ, आठवडाभर अंगात रेंगाळणारी.
मग जोडीला दुसरी आली, चपळ:
गिळली की दोन-तीन तासांत रक्तात भरती,
संध्याकाळपर्यंत ओहोटी.

ऑक्टोबरात चूक झाली.
पहाटे साडेपाचला, सवयीनं, दोन्ही पोटात गेल्या
आणि आठला मी दंड पुढे केला.
आकडा आला तो भरतीचा.
डॉक्टर तरुण, नवा, डेन्मार्कहून आलेला;
हृदय आहे, हाडं आहेत, म्हणाला, जपायला हवं.
चपळ गोळी अर्ध्यावर आणली.
मी बोलले नाही.
चूक कबूल करायला जी ताकद लागते
तीही बहुधा त्याच गोळीत असावी.

तो हिवाळा मी कॉडसारखा काढला,
बर्फावर, डोळे उघडे.
सुरी हातात धरायची आणि विसरायचे, सुरुवात कुठून.
येग्वान विचारायचा. मी म्हणायचे, काही नाही, अंधार आहे.
अंधार होताच. सगळ्यांनाच होता.

फेब्रुवारीत मेंढा गळून पडला, मागचा कागद दिसला.
आंगेरला फोन केला. ती रागावली नाही.
"किती वाजता घेतली होतीस?" एवढंच विचारलं
आणि तो आकडा न खोडता
त्याच्यापुढे वेळ लिहिली.
म्हणजे रक्त खोटं बोललं नव्हतं.
आम्हीच त्याला भलत्या वेळी गाठलं होतं.

आज पुन्हा आठ वाजता.
गोळ्या कोटाच्या खिशात, चंदेरी वेष्टनात,
उगाच चाचपत बसलेय.
वाऱ्यानं बाहेरचं दार आपटतंय.
आत्ता माझ्यात फक्त कालचं उरलंय.
ते किती, बघू या.

बाही वर करते.
केवढे गार हात, आंगेर म्हणते.
माशांचे आहेत, मी म्हणते.