सव्वीस फुटांचा डोंगर

राणीबागेतला तो डोंगर मी बांधलाय,
मी आणि श्रीवर्धनचा याकूब तुंगेकर.
आत विटा, वर जाळी, जाळीवर माल,
माल ओला असतानाच थापीच्या टोकानं
कडे काढले, कपारी पाडल्या.
साहेबांनी हिमालयाचा एक फोटो दिला होता,
कॅलेंडरवरून कापलेला, खाली अर्धा मार्च महिना.
सव्वीस फूट. एस्टिमेटात तेवढाच बसला.

मग मेंढ्या आल्या. सहा.
भरल म्हणतात, पहाडातली रानमेंढी.
कुणी निळी मेंढी म्हणतं. निळी कुठली,
आमच्या ओल्या सिमेंटच्याच रंगाची.
उभ्या राहिल्या की दिसायच्या नाहीत.
पोरं विचारायची, पिंजरा रिकामा का?
तेवढ्यात एखादी कान हलवायची
आणि डोंगराचा एक तुकडा चालू लागायचा.

परवा रेश्मा जाबरेचा फोन.
मिस्त्री, बघायला या,
तुमच्या डोंगरावर पोर झालंय.

मी रिटायर, गुडघे गेलेले.
तरी गेलो. रांगेत राहून तिकीट काढलं,
जन्मात पहिल्यांदा.

कोकरू पाच दिवसांचं.
पाय चार, चारी वेगळ्या मताचे.
आई वर उभी, तिच्या मागे टॉवर,
टॉवरच्या कुठल्याशा मजल्यावर कुणी चादर झटकतंय.
पोर खाली. मध्ये पूर्वेचा कडा.

तो कडा मला ठाऊक होता.
त्या संध्याकाळी माल संपला,
ठेकेदार पोतं उद्यावर ढकलत होता,
याकूब म्हणाला, सोड रे, इथे कोण चढतंय?
बोटभर पायरी अर्धवट राहिली.
सत्तावीस वर्षं कुणाला बोललो नाही.

कोकरानं पुढचा खूर
नेमका तिथे टेकवला.
चाचपला.
मी कठडा धरला.
खूर उचलला. पुन्हा टेकवला.
मग काय झालं नीट दिसलंच नाही,
ते वर होतं,
आईच्या पोटाला ढुशा देत, शेपूट थरथरत.

तिनं बर्फ पाहिलेला नाही. तिच्या आईनंही नाही.
उंच म्हणजे सव्वीस फूट,
हे त्यांच्यात आता ठरून गेलंय.

याकूबला सांगायला हवं होतं.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

निघताना रेश्मा म्हणाली,
डागडुजीचं टेंडर निघतंय, मिस्त्री,
ती अर्धी पायरी भरून घ्या म्हणतात.

म्हटलं, सांग त्यांना,
हात लावायचा नाही.
ती नकाशात आहे.