शेपू

मे उजाडला तरी सारेमा बेटावरची माती
बोटांना झोंबते.
हेल्वे आधी चुका खुडते,
मग इवले लाल मुळे, कांद्याची पात.
बटाट्याला अवकाश आहे, म्हणते,
समुद्राकडं पाठ करून.

शेपू मात्र ती कधीच पेरत नाही.
तो येतो आपला आपण,
वाफ्यात, वाटेत, दगडी बांधाच्या फटीत.

एन्डेलच्या थडग्यावर घालायला
तिनं परसातलीच बादलीभर माती नेली होती.
इथली दफनभूमी म्हणजे
दाताळ्यानं विंचरलेली वाळू,
रेघ न् रेघ सरळ,
आणि मधेच हा हिरवा झुबका.
"उपटत का नाहीस?" लाइने विचारते.

ऑगस्टात काकड्या बरणीत भरायच्या.
मीठ, लसूण, चेरीची पानं, सगळं मांडून
हेल्वे कात्री घेते
आणि चर्चच्या रस्त्याला लागते.

परसातला शेपू
कंबरेएवढा, तसाच.