जवस, म्हणजे अगसी

पाळी जाऊन पावणेदोन वर्षं झाली.
रात्री दोनला छातीतून जाळ उठतो,
उशी पालथी करायची, पुन्हा पालथी.
सकाळी बोटं उमलायला तयार नसतात.
तीस वर्षं विड्या वळल्या ह्या बोटांनी, निपाणीत.
आता हजाराचा हिशोब सहाशेवर अडतो.

डॉक्टरीण हुक्केरीकडची. म्हणाली,
सोयाबीनमध्ये, अगसीमध्ये असतंय काहीतरी,
अंगातलं जे आटलं, त्याच्यासारखं दिसणारं.
"गुण येईल?"
"काहीजणींना येतोय. पक्कं सांगायला येत नाही."

मला आवडलं ते, पक्कं न सांगणं.

अगसी म्हणजे जवस. शेजारच्या महादेवीनं
स्वतःच तवा ठेवला. दाणे तडतडले.
लसूण, लाल मिरची, मीठ.
कुटता कुटता पदरानं वारा घेत म्हणाली, "बिसी, बिसी."
तिलाही तसलाच जाळ. चार वर्षं.
भिंतीला भिंत लागून राहिलो,
आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं.

महिना झाला चटणी खाऊन.
बोटं? जरा सैल. की मलाच वाटतंय.
जाळ येतो अजून.
पण दोनला पलीकडं दिवा लागतो,
मी भिंतीवर टकटक करते.
"बिसी?"
"बिसी."